तिसऱ्या दिवसाचा फोन

पहिली चूक प्रस्तुत लेखकाची. ती आधीच कबूल केलेली बरी, नाहीतर पुढं सगळा दोष मालकांच्या माथी मारून हा नामानिराळा झाला असं व्हायचं.

गाड्यांच्या त्या शोरूममध्ये लेखक कॉम्प्युटरवर आकडे भरायला होता. वरच्या कंपनीकडून दर वर्षी गिऱ्हाइकांसाठी एक फॉर्म यायचा. त्यातला शेवटचा प्रश्न असा: 'आपण पुन्हा पुन्हा आमच्याकडेच का येता?' उत्तराला पाच चौकटी. चोख काम, वाजवी दर, घरापासून जवळ, स्वच्छता, आणि पाचवी 'इतर, कृपया लिहा'. असल्या पाचव्या चौकटीत जगात कुणी काही लिहीत नाही. पण त्या वर्षी चारशे ऐंशी फॉर्मांपैकी तीनशे बारा जणांनी तिथं पेन टेकवून एकाच माणसाचं नाव लिहिलं होतं. कुणी 'खडूकाका', कुणी 'खडूवाले साहेब', कुणी 'तो खडूवाला माणूस', आणि एकानं घाईघाईत 'खडूस काका'. त्यानंही दहापैकी दहाच दिले होते.

शहाण्या माणसानं हे फॉर्म मुकाट्यानं फायलीत लावले असते. लेखकानं त्यांचा आलेख काढला. चार खांब बुटके, आणि पाचवा कागदाच्या वरच्या कडेला डोकं टेकून उभा. त्यावर लाल अक्षरांत 'खडूकाका'. सोमवारच्या मीटिंगमध्ये हा कागद सगळ्यांसमोर भिंतीवर लावला. हेतू चांगला होता. काकांचं कौतुक व्हावं, जमलं तर पगारात थोडी भर पडावी. हेतू चांगला असला की माणूस डोळे मिटून खड्ड्यात उडी मारतो, आणि जाताना दुसऱ्याचाही हात धरतो.

मोठे मालक "वा" म्हणाले. धाकटे मालक म्हणजे त्यांचे चिरंजीव, सहा महिन्यांपूर्वीच बापाच्या खुर्चीशेजारी खुर्ची टाकून बसलेले. ते त्या खांबाकडं बराच वेळ बघत राहिले आणि मग शांतपणे म्हणाले, "हा माणूस उद्या समोरच्या शोरूमला गेला तर?"

 मागच्या रांगेत खडूकाका लाजून स्वतःची नखं बघत उभे होते. त्यांना वाटलं, मोठ्या लोकांची कौतुकाची हीच पद्धत असेल.

बावीस वर्षं ते एकाच काउंटरवर उभे होते. सकाळी गाडी सर्व्हिसिंगला आली की गिऱ्हाइकाचं गाऱ्हाणं ऐकायचं, ते जॉबकार्डवर लिहायचं आणि संध्याकाळी गाडी परत हाती द्यायची. काम एवढंच. पण गाडी एकदा आत गेली की तिच्यात दिवसभरात तीन-चार जण बसतात. धुणारा बसतो, मेकॅनिक बसतो, चाचणीला नेणारा बसतो. प्रत्येकाचे पाय निराळे, प्रत्येकाची मान निराळी. सीट मागं जाते, आरसा वर होतो, रेडिओ भलतंच काहीतरी गायला लागतो. संध्याकाळी गिऱ्हाईक आपल्याच गाडीत पाहुण्यासारखं बसतं. बोलत नाही, कारण तक्रार तरी काय करणार, पण मनात खुट्ट होतं.

त्यावर काकांचा उपाय म्हणजे खडू. गाडी हातात आली की कुणालाही आत बसू द्यायच्या आधी ते गुडघ्यावर टेकायचे आणि सीटच्या रुळावर एक बारीक रेघ मारायचे. पाठ किती कलली आहे ते खटके मोजून जॉबकार्डच्या मागं लिहायचे. आरशाच्या कडेला एक ठिपका. रेडिओ कुठं लावलाय तेही. संध्याकाळी स्वतःच्या हातानं सगळं जागच्या जागी आणायचं, ओल्या फडक्यानं रेघ पुसायची आणि मगच किल्ली द्यायची. गिऱ्हाईक बसायचं आणि त्याला काहीच जाणवायचं नाही. जाणवायचं ते पुढं कधीतरी दुसरीकडं गाडी दिल्यावर. मग ते परत यायचं ते कायमचं.

आणि तिसऱ्या दिवशी फोन. सकाळी अकरा वाजता, काउंटरवरच्या फोनवरून. "पहिल्या दिवशी गाडी धुतलेली असते म्हणून बरी वाटते," काका सांगायचे. "आठवड्यानं कुरकुरीची सवय होते. खरं काय ते माणूस तिसऱ्या दिवशी बोलतो." मग माणूस खरं बोलायचा. ब्रेकपासून सुरू होऊन सुनेपर्यंत जायचा. काका ऐकून घ्यायचे. फोन आपण आधी ठेवायचा नाही, हा त्यांचा नेम.

घरी काकू कावायच्या. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, त्यातली बावीस वर्षं खिसा पांढरा नाही असा शर्ट त्यांनी धुतला नव्हता. "शाळेतून पळालं ते पळालं," त्या म्हणायच्या, "येताना खडू तेवढा उचलून आणला."

गिऱ्हाइकांत काकांच्या सगळ्यात जिव्हाळ्याच्या म्हणजे हेडबाई. एका शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या, निवृत्त झाल्या, आता लहानशी निळी गाडी स्वतः चालवत हिंडायच्या. चौदा वर्षांपूर्वी पहिल्यांदा आल्या तेव्हा काका गुडघ्यावर बसून रेघ मारत होते. बाईंनी चष्म्यावरून पाहिलं.

"जन्मभर मी खडू झिजवला. तुम्ही कुठल्या वर्गावर?"

"हाच वर्ग, बाई. रोज नवी पोरं येतात, आणि कुणी जागेवर बसत नाही."

त्या दिवसापासून बाई त्यांना मास्तर म्हणू लागल्या. काउंटरवर दुसरा कुणी रिकामा असला तरी खुर्चीत बसून राहायच्या. "मास्तरांचं होऊ द्या. मला कुठं घंटा गाठायचीय."

तर, आलेख लागला त्याच्या दुसऱ्या आठवड्यात धाकट्या मालकांनी काकांना केबिनमध्ये बोलावून चहा पाजला. बावीस वर्षांत केबिनमधला हा पहिला चहा. म्हणाले, "काका, तुमचं सगळं नव्या पोरांना शिकवा. तुमच्यासारखे आठ तयार करा." काका इतके हरखले की त्यांनी पदरमोड करून खडूचा अख्खा डबा आणला. पंधरा दिवस ते आठ जणांना घेऊन गाड्यांभोवती फिरले. रेघ कुठं मारायची, खटके कसे मोजायचे, गिऱ्हाईक बोलत असताना कार्डाकडं न बघता कसं लिहायचं. ते बोलत होते आणि लेखक लिहून घेत होता. सव्वीस पानं भरली.

शेवटच्या दिवशी फोनचा धडा. धाकटे मालक लेखकाला म्हणाले, "यांचा आवाज घेऊन ठेव, ट्रेनिंगला लागेल." शोरूममध्ये शांत जागा एकच, मांडून ठेवलेल्या नव्या गाडीचं पोट. काचा वर करून काका आणि लेखक आत बसले. काकांनी घसा साफ केला.

"नमस्कार. शोरूममधून खडूकाका बोलतोय. गाडी कशी चालतेय? काही खडखड, काही कुरकुर? बरं बरं. काही वाटलं तर बिनघोर या."

"काका, मध्ये जरा थांबा," लेखकानं अक्कल पाजळली. "कुरकुर झाल्यावर. चार सेकंद. म्हणजे समोरचा बोलतोय असं वाटेल."

"चार सेकंदांत कोण काय बोलतो रे?"

"नुसतं पोरांना कळायला. कुठं थांबायचं ते."

काका थांबले. चार सेकंद, बोटं मोजून. ही लेखकाची दुसरी चूक.

महिना उलटला आणि काकांना बढती मिळाली. पाटी आली: ग्राहक अनुभव मार्गदर्शक. पाटी लागली तळघरात, सुट्या भागांच्या गोदामात. समोर फिल्टरच्या खोक्यांची मांडणी, मागं ब्रेकच्या तबकड्या, मध्ये टेबल. ग्राहक औषधालाही नाही. वर काउंटरवर त्या आठातले दोघं उभे राहिले. कुणी विचारलं, खडूकाका कुठं, तर सांगायचं शिकवलं होतं, "ते आता वर गेले." एक म्हातारे गृहस्थ हे ऐकून मटकन खालीच बसले. त्यांना पाणी देऊन समजवावं लागलं की तसं नाही, बढती झाली.

चार महिने काका फिल्टरकडं बघत बसले. अकरा वाजले की हात फोनकडं जायचा, आणि गोदामात फोनच नव्हता. एकदा मोठ्या मालकांना गाठून म्हणाले, "मालक, मला आपलं काउंटरवर उभं करा. पाटी ठेवा हवी तर काढून."

मोठे मालक चांगला माणूस. चांगल्या माणसांची एक खोड असते, ती ऐन वेळी दुसरीकडं बघतात. ते भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत म्हणाले, "मी हल्ली त्यात लक्ष घालत नाही. धाकट्याचं म्हणणं, दुकान एका माणसावर चाललं तर ते दुकान नव्हे, टपरी."

काका घरी आले, शर्ट काढला आणि काकूंना म्हणाले, "सोडतो."

"आणि?"

"तुझ्या भावाची शेड रिकामीच आहे. आपलं स्वतःचं काढू. माणसं माझ्यासाठी येत होती ना? तीनशे बारा. कागदावर होतं, मी पाहिलंय."

"किती येतील?"

"निम्मे धर. एकशे छप्पन."

निवृत्तीला चार वर्षं उरली होती. काकूंनी शर्टाच्या खिशाकडं पाहिलं. चार महिने तो स्वच्छच निघत होता, आणि त्यांना ते काही बरं वाटलं नव्हतं. म्हणाल्या, "काढा."

काकूंचा भाऊ पत्र्याच्या शेडमध्ये पंक्चर काढायचा आणि हवा भरायचा. त्यानं अर्धी शेड झाडून दिली. फक्त एवढंच विचारलं, "भावजी, एकशे छप्पन म्हणता, पण इथं उभ्या राहतात सहा. बाकीच्या माझ्या डोक्यावर लावायच्या का?"

"नंबर लावू," काका गंभीरपणे म्हणाले.

अडचण एकच निघाली. काकांना प्रत्येकाची सीट पाठ होती. कुणाची तेराव्या खाचेवर, कुणाची पाठ पाच खटके मागं. फोन नंबर मात्र एकाचाही पाठ नव्हता, ते जॉबकार्डांवर होते आणि जॉबकार्डं शोरूममध्ये. त्यांनी लेखकाला गाठलं. "बाबा रे, तेवढी यादी काढून देतोस?"

लेखक म्हणाला, "बघतो." आपल्याकडं 'बघतो' म्हणजे काय, हे काकांना कळत होतं. पुन्हा विचारलं नाही.

गिऱ्हाइकं मग भेटतील तशी भेटली. कुणी सिग्नलला काच खाली करून, कुणी दवाखान्यात रांगेत. सगळ्यांचे चेहरे फुलायचे. "अरे वा, स्वतःचं काढलंत. फार छान. आम्ही येणारच. तुमच्याशिवाय आमच्या गाडीला हात कोण लावणार?" काका घरी येऊन काकूंना आकडा सांगायचे. एकोणीस झाले. तेवीस झाले. आणि शेडमध्ये गाड्या यायच्या त्या हवा भरायला.

महिन्याभरानं कारणं येऊ लागली. दुसरीकडं उघडलं तर वॉरंटी जाते. गाडी ऑफिसची आहे, ऑफिसच ठरवतं. तिथं बसायला गार खोली आहे, इथं पत्रा तापतो हो. एक जण तर मोकळेपणानं म्हणाला, "काका, खोटं कशाला बोलू, तुम्ही गेल्यापासून काही फरकच जाणवला नाही. सीट अगदी जिथल्या तिथं. चांगली शिकवलीत पोरं." हे त्यानं कौतुक म्हणून सांगितलं, आणि काका "हो का" म्हणाले. पण त्या दिवशी घरी आकडा सांगितला नाही. काकूंनीही विचारला नाही.

सहाव्या महिन्यात एका सकाळी निळी गाडी शेडच्या दारात येऊन थांबली. काका हातातला पाना टाकून धावलेच. मेव्हण्यानं लगबगीनं स्टूल पुसलं. हेडबाई उतरल्या, स्टुलावर बसल्या आणि पर्स मांडीवर घेतली.

"मास्तर, मी गाडी दाखवायला आलेली नाही. भांडायला आलेय."

"भांडा की, बाई. बऱ्याच दिवसांत कुणी भांडलं नाही."

"हल्ली तुम्ही फोनवर फार घाईत असता. चांगलं नाही हे."

काकांना कळेना. "कुठल्या फोनवर?"

"कुठल्या म्हणजे? तिसऱ्या दिवसाच्या. सोमवारी नाही का केलात, अकरा वाजता? 'काही खडखड, काही कुरकुर' विचारता, मी तोंड उघडते न उघडते तोच आपलं 'बरं बरं'. मागच्या वेळीही तसंच. मला गुडघ्याचं सांगायचं होतं. ऑपरेशन ठरतंय माझं. तुम्ही मेले 'बिनघोर या' म्हणून ठेवून दिलात."

मेव्हणा हवेचा पाइप हातात धरून उभा राहिला. सोमवारी अकरा वाजता भावजी त्याच्याबरोबर एका सायकलचं चाक सरळ करत होते.

 बघणाऱ्याला वाटलं असतं की काका आठवताहेत. ते मोजत होते. एक, दोन, तीन, चार. काचा वर केलेली गाडी, शेजारी बसलेला लेखक, आणि आपलीच बोटं. ते काउंटरवरून गेले त्या दिवसापासून शोरूममध्ये एक यंत्र बसलं होतं, आणि रोज अकराला ते तिसरा दिवस असलेल्या सगळ्यांना काकांच्या आवाजात फोन करायचं. यंत्राचं बटण दाबायचं काम लेखकाकडं होतं. आजही आहे.

"बाई," काका म्हणाले, "तो फोन..."

"त्या फोनसाठीच तर मी तिथं गाडी देते," बाई आपल्याच नादात होत्या. "माझा मुलगा म्हणतो, आई, कोपऱ्यावरच्याकडं निम्म्यात होतं. मी म्हटलं, होऊ दे. इथला माणूस नोकरी सोडून गेला, स्वतःचं दुकान काढलं, तरी आठवणीनं विचारतो. अशी माणसं कुठं राहिलीत? तुम्ही तिकडचं अजून थोडंफार बघता, हो ना? मी तसंच सांगितलं सगळ्यांना."

काकांच्या ओठांवर आलेलं वाक्य तिथंच राहिलं. सांगितलं असतं तर बाई चिडल्या असत्या, शोरूमला जाऊन त्यांनी धाकट्या मालकांना बाकावर उभं केलं असतं, गाडीही इथं आणली असती. एकशे छप्पनातली एक तरी आली असती. पण गेले नऊ-दहा महिने ज्याच्याशी त्या बोलत होत्या तो कुणीच नव्हता, हेही त्यांना त्याच वाक्यात कळलं असतं. आणि गुडघ्याचं ऑपरेशन पुढं होतं.

"हो," काका म्हणाले. "थोडंफार. घाई होते खरी. चुकलं माझं."

"मग कान धरा."

काकांनी खरंच कान धरला. बाई हसल्या, आणि जाता जाता आठवलं म्हणून म्हणाल्या, "आलेच आहे तर तो डावा वायपर बघा. काचेवर रडतो नुसता."

वायपरचं रबर बदलायला दहा मिनिटं पुरतात, काकांनी पाऊण तास घेतला. काच धुतली. गाडी शेडच्या आत घ्यायची होती, म्हणून सवयीनं खिशात हात घातला. खडू नव्हता. पंक्चरवर खूण करायला मेव्हणा वापरायचा तो खडूचा तुकडा त्यांनी मागून घेतला आणि गुडघ्यावर टेकून सीटखाली डोकं घातलं. रुळावर आधीच काहीतरी होतं. शोरूमच्या नावाची छापील चकचकीत पट्टी, तिच्यावर एक ते वीस आकडे, आणि सातच्या पुढं शाईची फुली. रेघ मारायला जागा ठेवलेली नव्हती.

काम झाल्यावर काकांनी सीट सातवर आणली. बाई बसल्या, आरशात पाहिलं, पट्टा लावला. त्यांना काहीच जाणवलं नाही.

"तिसऱ्या दिवशी फोन कराल ना?" त्यांनी काचेतून विचारलं आणि पर्समधल्या चिठ्ठीवर नंबर लिहून दिला. "तुमच्याकडं असेलच म्हणा. पण या वेळी जरा सावकाश बोला. माझं ऐकून घ्या."

"करतो, बाई."

ती चिठ्ठी काकूंनी डब्यांच्या फळीवर, डोळ्यांसमोर राहील अशी लावली. तिसऱ्या दिवशी पावणेअकरालाच काका शेडमधून घरी आले, हात धुतले आणि फोन घेऊन खुर्चीवर बसले. अकरा वाजले.

"करा की," काकू म्हणाल्या.

"काय म्हणू?"

"काय म्हणू म्हणजे? रोज काय म्हणत होता? गाडी कशी चालतेय, काही खडखड..." आणि त्या मध्येच थांबल्या.

काका फोनकडं बघत राहिले. सव्वाअकरा झाले. मग त्यांनी फोन टेबलावर पालथा ठेवला आणि म्हणाले, "उद्या करतो. गुडघ्याचं विचारायला पाहिजे आधी."

त्याच वेळी शोरूममध्ये लेखकानं बटण दाबलं होतं. त्या सकाळी चौतीस फोन गेले. ही हकीकत पुढं काकूंनी सांगितली तेव्हा लेखक "बघतो, ते बंद करायला सांगतो" असं म्हणून गेला.

बाईंचं ऑपरेशन झालं म्हणतात. चिठ्ठी फळीवरच आहे. तेलाच्या डब्याजवळ असल्यानं शेवटचे दोन आकडे पुसट झालेत, पण अजून वाचता येतात.